मारामारी नसलेला चिनी पिक्चर

डहाणू रोडला स्टेशनसमोर मोबाइल दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. स्क्रीन बदलता बदलता ते गिऱ्हाइकाला चिनी पिक्चर सुचवतात. लोक मारामारीचा मागतात. ते म्हणतात, "पहिला शांत बघा. कोणीतरी कोणाची वाट बघतंय, असा." मी नेहमी हसून सोडून द्यायचो.

परवा सुकी मासळी विकणाऱ्या मावशी त्यांच्यावर वैतागल्या होत्या. "तुमच्या पिक्चरातल्या बाईला मासळी सुकवता येत नाय. आपण बोंबील कसे, जबड्यात जबडा अडकवून टांगतो. ती शेपटीला बांधते."

गृहस्थांचा चेहरा उतरला.

"पण नवऱ्याची होडी येईपर्यंत ती घासलेलीच भांडी परत घासते ना," मावशी हळूच म्हणाल्या, "ते बरोबर दाखवलंय."

गृहस्थांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

मी पिक्चरचं नाव विचारलं.