रोडगे भाजेपर्यंत

दर्यापूरच्या अलीकडे ज्यांच्या शेतात आमचं नळकांडं उभं आहे, त्या काकूंमुळे मी आज इथे आहे, हे आधी सांगून टाकतो. नाव लिहिलेलं त्यांना चालायचं नाही. "माहं नाव कायले पायजे?" म्हणतील. म्हणून नुसत्या काकू.

मी कोकणातला. आठवीनंतर शाळा सुटली आणि पत्र्याच्या कामाला लागलो. एका ठेकेदाराबरोबर अकोल्याला आलो, जुन्या शहरात राहिलो आणि काम अर्ध्यावर असताना ठेकेदारच गायब झाला. घरी फोन केला तर भाऊ म्हणाला, "शाळा सोडलीस, आता कामही सोडून आलास तर उंबरा चढू नको." त्यानंतर मी घरी काही विचारलं नाही. त्याच सुमारास अमरावतीचे एक निवृत्त प्राध्यापक लांब नळकांडं करायला कारागीर शोधत होते. त्यांना मी सापडलो. त्यांनी काम दिलं, आणि काकूंनी गोठ्याशेजारची खोली.

नळकांडं कशासाठी, हे सरांनी सांगितलं तेव्हा मला आमचा किनारा आठवला. दुपारी वाळू तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि रिकाम्या जागेत समुद्रावरची गार हवा धावत येते. तो वारा आम्हाला न मागता मिळायचा. सरांना तसाच वारा वऱ्हाडच्या काळ्या मातीवर उठवायचा होता. कंबरेएवढ्या उंचीवर पारदर्शक प्लास्टिकचा मोठा मांडव, कडा चहूकडून उघड्या, आणि मधोमध बाभळीहून उंच नळकांडं. मांडवाखाली माती तापली की हवा तापणार, नळकांड्यातून वर सुटणार आणि वाटेतला पंखा फिरवणार. पंख्याला एक बारका दिवा जोडलेला. आतल्या आणि बाहेरच्या हवेच्या उष्णतेत जेवढा फरक, तेवढी वीज. मातीला ओल लागली की संपलं, कारण सगळी धग ती ओल उडवण्यातच जाते.

हे सरांना माहीत होतं, मला माहीत होतं. काकूंना सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. त्यांच्या लेखी ते "सरचं धुराडं" होतं.

मे महिन्यात अमरावतीहून मंडळी पाहणीला येणार होती. पत्रा आणि प्लास्टिक त्यांच्या संस्थेचं. पंखा फिरला तर काम पुढे चालू, नाही तर सगळं उतरवून न्यायचं, असं आधीच ठरलेलं. म्हणजे माझं काम गेलं, खोलीही गेली, आणि पुढे जायला जागाच नाही. त्या सकाळी पंख्याला तेल आणायला मी दर्यापूरला गेलो. जीपमधून उतरून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, येतो तर प्लास्टिक आतून वाफेनं पांढरं झालेलं. वाकून पाहिलं. मांडवभर शेणाचा सडा, आणि वाटेकडच्या कडेला रांगोळी.

तेलाची बाटली खाली ठेवून मी माती चाचपली. ओली.

"काहून रे, काय झालं?" काकू बादली घेऊन उभ्या.

"काकू, हे काय केलंत?"

"पाव्हणे येऊन राहिले ना? कोरडं ठणठणीत दाखवतेत का पाव्हण्यायले?"

मला रडू फुटलं. रडतच सगळं सांगितलं: ओल, धग, भाऊ, उंबरा. काकू ऐकत होत्या. त्यांचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. बादली खाली ठेवून म्हणाल्या, "वाळाले किती वेळ लागते?"

"दुपार कलेपर्यंत तरी."

"मंग रडून काहून राहिला पोट्ट्या? तू वाळव. पाव्हण्यायले मी थांबवतो."

इकडे बायकाही 'थांबवतो' म्हणतात. नवीन होतो तेव्हा मला हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही.

मंडळींसाठी झुणका-भाकर तयार होती. काकूंनी ती झाकून ठेवली आणि रोडग्यांची कणीक मळायला घेतली. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. त्यांना घाई चालत नाही.

मंडळी आली. सरांना मी कानात सांगितलं तेव्हा ते नुसता चष्मा पुसत राहिले. मी मांडवाखाली शिरलो. खुरप्यानं ओला थर खरवडायचा, टोपलीत भरून बाहेर टाकायचा, काकूंच्या जुन्या लुगड्यानं प्लास्टिकवरचे थेंब पुसायचे. पुसले की पुन्हा जमायचे. वाफेनं जीव गुदमरत होता. बाहेरचं बोलणं तेवढं ऐकू येत होतं.

"काकू, आम्हाला पुढे अकोल्याला जायचंय."

"अकोला का पळून चाललं बापा? बसा. रोडगे अजून कच्चे हायेत."

"नुसतं ताक चालेल हो."

"ताकावर पाव्हणे लावून देले त गाव थुंकंल माह्या तोंडावर. तुमाले काय, तुमी गाडीत बसून जासान."

रोडग्यांवर वांग्याची भाजी झाली, वरण झालं, आग्रह झाला, मग सुपारी झाली. माती वरून पांढुरकी पडत चालली, तरी बोट खुपसलं की गारच. शेवटी मंडळी उठलीच. सर नळकांड्यापाशी उभे राहिले. पंखा ढिम्म. मी मनातल्या मनात पिशवी भरायला घेतली.

मग तो थरथरला. थांबला. पुन्हा हलला आणि म्हाताऱ्या बैलासारखा कुरकुरत फिरू लागला. दिवा इतका मंद, की ओंजळीचा आडोसा करून पाहावा लागला. मंडळींतले एक साहेब बराच वेळ वाकून पाहत होते. म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहू द्या. मग बघू."

भांडी आवरून काकू आल्या. ओंजळीत डोकावल्या. "हेच का थे? याच्यापायी मी धुरात बसलो?"

पुढचा उन्हाळा आता जवळ येतोय. आभाळ आलं की मी मांडवाखाली हात घालून माती चाचपतो. झोप लागत नाही. तेवढासा उजेड पुन्हा पुरेल असं वाटत नाही. पण काकू, एक लिहून ठेवतो. उन्हाळ्यात तुमच्या चुलीपुढे उभं राहवत नाही आणि लाइट तर दुपारीच जाते. कधी तरी या धुराड्याच्या विजेवर तुमच्या स्वयंपाकघरात पंखा लावीन. इथून काढलं तर जिथे असेन तिथे दुसरं नळकांडं करीन, पण तो पंखा तुमचाच.