नेहमीचा आवाज

बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत मी एकोणतीस वर्षं बसले. ‘कन्नडमार्गे चाळीसगावला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर उभी आहे,’ हे वाक्य झोपेतही म्हणेन. माईक बिघडला तरी माझं अडत नसे. एकदा सोयगावच्या गाडीची घोषणा मी नुसत्या तोंडानं केली आणि बाहेर रसवंतीवर बसलेला ड्रायव्हर अर्धा ग्लास टाकून पळत आला. पुढं पार्किन्सनचं निदान झालं आणि डॉक्टर म्हणाले की या आजारात हातापायांबरोबर आवाजही खाली जातो, तेव्हा मी मनात म्हटलं, दुसऱ्या कुणाचा जात असेल.

दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्ट मुलीनं माझ्या मोबाइलमध्ये एक ॲप टाकून दिलं. दर रविवारी एका दमात जमेल तितका लांब ‘आ’ म्हणायचा, मग ‘पा-टा-का, पा-टा-का’ भरभर, आणि शेवटी मिनिटभर काहीही बोलायचं. आवाजाचा जोर, थरथर, मधले थांबे असं सगळं मोजून त्याची एक रेघ तयार होते, ती डॉक्टरांना दिसते. आजार किती पुढं सरकला आणि गोळ्या पुरताहेत का, हे ठरवायला ती उपयोगी पडते म्हणे.

“फक्त नेहमीच्या आवाजात बोला, मावशी,” ती म्हणाली.

आता माझा नेहमीचा आवाज कोणता, हे काय सांगायला हवं? मी खुर्ची ओढली, घसा साफ केला आणि मिनिटभरात सिल्लोड, वैजापूर, जालना अशा सगळ्या गाड्या सोडून दिल्या. वर्षभर दर रविवारी सोडल्या. रेघ सरळच्या सरळ. येईल त्याला मी ती मोबाइल उघडून दाखवायची.

घरात मात्र ह्यांचे कान गेले होते. जन्मभर कंपनीत प्रेस मशीनपाशी उभा राहिलेला माणूस, कान जाणारच. मी काही बोलले की “काय म्हणालीस?” ठरलेलं. “कानात बोळे घातलेत का?” मी ओरडायची. म्हणजे, ओरडतेय असं मला वाटायचं. शेवटी मीच त्यांना कानाच्या डॉक्टरकडं पिटाळलं. परत आले आणि चप्पल काढता काढता म्हणाले, “थोडं कमीच येतंय म्हणे.”

“मी म्हणलं नव्हतं?”

त्यानंतर मी तोंड उघडलं की ते पंखा बंद करत, भर उन्हाळ्यातसुद्धा. मोरीत असले तर ओल्या हातानं जवळ येऊन उभे राहत. भाचीच्या लग्नात मी पंगतीत सगळ्यांना सांगून टाकलं, यांच्याशी जरा जोरात बोला. ते नुसते हसले.

पुढच्या तपासणीला डॉक्टर कोड्यात पडले. माझी चाल मंदावली होती, अक्षर मुंगीएवढं झालं होतं, आणि आवाज तेवढा जागच्या जागी. थेरपिस्ट मुलीनं माझं रेकॉर्डिंग लावलं आणि तिला हसूच फुटलं. “मावशी, या तर बसच्या घोषणा आहेत! घरी असंच बोलता?”

“मग? हाच माझा नेहमीचा आवाज आहे.” मला राग आला होता.

तिनं ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी फरशीकडं पाहिलं. “घरात नाय बोलत ती अशी,” ते म्हणाले.

मग तिनं समजावलं. ठरवून जोर लावला की आवाज येतो. साधं बोलताना तो पडतो, आणि बोलणाऱ्याला मात्र तो तेवढाच मोठा वाटत राहतो. या रविवारी जेवताना ॲप चालू करून मोबाइल ताटाशेजारी ठेवा, तिनं सांगितलं.

ठेवला. जेवण झाल्यावर आम्ही दोघांनी ते ऐकलं. ह्यांचा आवाज स्वच्छ होता, “अजून भाकरी देऊ का?” त्यानंतर शेजारच्या खोलीत कुणी वर्तमानपत्र चाळावं तशी खसफस. मी माझ्या आवाजाची वाट पाहत बसले. दोन मिनिटांनी कळलं की तो आवाज माझाच आहे. मी घाबरले. एवढी की गोळी घ्यायची राहून गेली.

“मग तुमचे कान?”

“कानाला काय झालंय? डॉक्टर म्हणला, पोरावानी कान हायेत.”

“अन् मला सांगितलं नाय?”

“तू त्या आवाजाच्या जोरावर उभी व्हतीस. म्हटलं, बहिरा तर बहिरा.”

ते रेकॉर्डिंग मीच पाठवलं. रेघ धाडकन खाली आली आणि माझं काही बिघडलं नाही. उलट डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या, मुलीनं आवाजाचे व्यायाम सुरू केले. पोटातून दम घेऊन बोलायचं, स्वतःला भांडल्यासारखं वाटलं तरी बोलायचं. भांडणं मला नवीन नाही. आता दर रविवारी मी खरं तेच बोलते, आणि रेघ हळूहळू वर सरकते आहे. जोर लावायचं कसब मला कुणी शिकवायला नको, ते फक्त फलाटावरून घरात आणायचं आहे.

एक गोष्ट तेवढी राहिली होती. माफी मागायची सवय मला नाही. एका दुपारी हे भांडी घासत होते, मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, “चुकलं माझं.”

ह्यांनी नळ बंद केला. जवळ मात्र आले नाहीत. जागेवरूनच म्हणाले, “ऐकू नाय आलं. तुझा आवाज खाली गेला. परत म्हण.”

मी दम घेतला आणि परत म्हणाले. वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकीतून वाकून बघू लागल्या.