दिघ्याच्या अभ्यासिकेतली हाणामारी

सरांच्या नाकातून रक्त आलं तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं. हे मी आधीच सांगून टाकते. पुढे जे घडलं त्यात ते बरं वाटणं कुठल्या कुठे गेलं, पण त्या क्षणी वाटलं होतं, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही.

खारघरमध्ये आमचा एक ग्रुप होता, लिनक्सवाल्यांचा. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटर चालवायला एक सिस्टिम लागते. बहुतेक लोक कॉम्प्युटरबरोबर जी येते ती वापरतात. लिनक्स ही फुकट मिळते, कुणीही घ्यावी, कुणीही बदलावी, त्यामुळे तिचे प्रकार पैशाला पासरी. नवी मुंबईत घरच्या कॉम्प्युटरवर ती वापरणारी माणसं मोजकी, आणि ती मोजकी माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली. मी एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या खात्यात आहे, घरी बरीच वर्षं लिनक्स वापरते, म्हणून मीही त्यांच्यात. ग्रुपमध्ये बाई मी एकटीच. त्यामुळे भांडण सोडवायची वेळ आली की सगळे माझ्याकडे बघायचे, आणि चहा कुणी सांगायचा असा प्रश्न आला तरी माझ्याकडेच बघायचे.

भांडणं कसली, तर खिडकी बंद करायचं बटण डावीकडे असावं की उजवीकडे. हसू नका. यावरून दोन शेजारी एकमेकांशी बोलायचे बंद झाले होते. त्यातल्या एकाने दुसऱ्याला लिहिलं, ‘येऊन तुझी हार्ड डिस्क फोडतो.’ त्याचं घर समोरच्याच बिल्डिंगमध्ये, त्यामुळे तो खरोखर हातोडी घेऊन निघाला. गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं आणि ‘कामाचं स्वरूप’ भरायला सांगितलं. त्या रकान्यात काय लिहायचं हे न सुचल्यामुळे तो परत गेला. वॉचमनने मला हे स्वतः सांगितलं.

एवढ्या सगळ्यात एक नियम मात्र सगळे पाळायचे. दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. समोरच्याचं अडलं तर तोंडाने सांगायचं, बटणं त्याची त्यानेच दाबायची. कुणाच्या ताटात हात घालावा तसं ते समजलं जायचं. नवीन माणूस आला की पहिल्या रविवारी त्याला हेच ऐकवायचे.

ग्रुपमध्ये दोन बाजू होत्या. एका बाजूचे पुढारी म्हणजे सर. खारघरमध्ये त्यांचा क्लास आहे, आमच्या रविवारच्या सभा तिथेच भरायच्या. सरांचं म्हणणं, सिस्टिम एकदा बसवली की दोन-दोन वर्षं तिला हात लावू नये. दुसऱ्या बाजूला एजंट. तो न्हावा शेवा बंदरात माल सोडवून देणाऱ्या एका ऑफिसात कामाला, मूळचा तिकडच्याच गावातला. त्याची सिस्टिम रोज थोडी थोडी नवी व्हायची, आणि तो सकाळी दात घासण्याआधी ती नवी करायचा. सरांची सिस्टिम त्याच्या मते शिळी भाकर. सरांच्या मते एजंट म्हणजे उतावळा नवरा. दोघांची हमरीतुमरी मी इतकी ऐकली होती की कुठल्या वाक्याला कोण उठून उभं राहणार हे मला पाठ झालं होतं. दोघांना एकदा समोरासमोर उभं करून बडवावं असं मला अधूनमधून वाटायचं. माझं डोकं मुळात गरमच आहे.

दिघ्याचं काम आमच्याकडे आणलं ते ताईंनी. ताई मूळच्या साताऱ्याकडच्या, दिघ्याजवळ एका कारखान्यात पॅकिंगला. त्यांची लेक सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होती. परीक्षा आता कॉम्प्युटरवर होतात, आणि सवय नसल्यामुळे तिचा निम्मा पेपर तसाच राहिला होता. वय बघता अजून एकदाच बसता येणार होतं. वस्तीत तशा आणखी पोरी होत्या. ताईंनी कारखान्याच्या साहेबांच्या हातापाया पडून त्यांचे भंगारात निघालेले कॉम्प्युटर मागून घेतले. जुने, डब्यासारख्या जड मॉनिटरचे. आणि वस्तीतल्या मित्रमंडळाच्या अध्यक्षांच्या मागे हात धुऊन लागून मंडळाच्या ऑफिसवरची खोली मिळवली. अध्यक्षांच्या पोरांना तिथे जिम हवी होती. त्यामुळे अध्यक्षांनी अट घातली, उद्घाटनाच्या दिवशी सगळे कॉम्प्युटर चालू दिसले तर खोली अभ्यासिकेला, नाहीतर जिमला.

इतक्या जुन्या यंत्रांवर लिनक्सच चालणार होती. म्हणून ताई आमच्याकडे आल्या. सरांच्या क्लासमध्ये मागच्या बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, आणि आमच्यातल्या प्रत्येकाला वाटलं की आपल्या हातून एकदा तरी काही चांगलं होणार. मला तर भरून आलं होतं.

पहिल्याच रविवारी कुठली सिस्टिम बसवायची यावर भांडण. दुसऱ्या रविवारी सरांनी सगळीकडे स्वतःची बसवली. मधल्या एका दिवशी एजंट रजा टाकून दिघ्याला गेला आणि ती पुसून आपली बसवून आला. पुढच्या रविवारी सरांनी परत पुसली. ताई दर वेळी कारखान्यातून सुटून यायच्या, कुलूप उघडून द्यायच्या, सगळ्यांना चहा द्यायच्या आणि विचारायच्या, “झालं का ओ?” झालं असं कुणी म्हणायचं नाही. पोरी दारात येऊन बघून जायच्या. त्यांना आत येऊ द्यायचे नाहीत, म्हणे काम चालू आहे. शेवटी मीच आवाज चढवला आणि तोडगा काढला. खिडकीकडची रांग सरांची, भिंतीकडची एजंटची. एकमेकांच्या रांगेकडे बघायचंसुद्धा नाही. दोघांनी तोंडं वाकडी करून मान्य केलं. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही रांगा व्यवस्थित चालू होत्या. मी स्वतः एकेक यंत्र बघितलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी एजंट सगळ्यांच्या आधी पोचला आणि त्याने आपली पूर्ण रांग नवी करून टाकली. कुणी सांगितलं नव्हतं, गरज नव्हती. काल जे चालत होतं ते तसंच ठेवायचं एवढंच करायचं होतं. पण सकाळी नवं काही आलंय हे कळल्यावर असल्या माणसाला ते घेतल्याशिवाय राहवत नाही. मी पोचले तेव्हा ते नवं जुन्या यंत्रांना न झेपल्यामुळे भिंतीकडचे सगळे मॉनिटर काळे होते आणि एजंटच्या कपाळावर घाम. ताई खोलीच्या मधोमध नवी साडी नेसून उभ्या होत्या.

“पाच मिन्टं द्या,” एजंट म्हणाला. “फक्त पाच मिन्टं. कोनी टेन्शन घेव नका.”

सरांना आनंद लपवता येईना. त्यांनी खिशातून स्वतःची सिस्टिम भरलेला पेन ड्राइव्ह काढला, एजंटच्या पहिल्या यंत्रात खोचला, आणि त्याच्या समोरून त्याचा कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला.

“सर, हात काडा,” एजंट म्हणाला.

“तुमचा खेळ झाला. आता मोठ्या माणसांना काम करू द्या.”

“सर, हात काडा बोल्लो ना. कोन बोल्ला तुमाला हात लावायला?”

सरांनी एंटर दाबलं. एजंटने तो कीबोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि सरांच्या तोंडावर हाणला. बटणं चुरमुऱ्यांसारखी खोलीभर उडाली. सरांच्या नाकातून रक्ताची धार लागली, पांढरा शर्ट लाल झाला. बरं वाटलं ते तेव्हा. ‘मोठी माणसं’ हा शब्द मीही त्यांच्या तोंडून फार वेळा ऐकला होता.

सर शिक्षक माणूस, मला वाटलं खाली बसतील. त्यांनी मॉनिटरची वायर उपसली, एजंटच्या गळ्यात टाकली आणि मागून आवळली. एजंटचे डोळे बाहेर आले. तो मागच्या मागे लाथा झाडत होता. बाकीचे सोडवायला धावले असं मला वाटलं, पण ते रांगांप्रमाणे दोन बाजूंना झाले आणि एकमेकांना हाणू लागले. बँकेत नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी दुसऱ्याच्या दंडाचा चावा घेतला. कुणाचा तरी चष्मा माझ्या पायाखाली फुटला. खुर्ची उचलली गेली, कुणाच्या पाठीत बसली, तिचा पाय मोडला, आणि मग तो पायच हत्यार म्हणून फिरू लागला. तोंडाने चाललं होतं तेही अजब. “तुझ्या आयला” आणि “तुला कर्नल कळतो का” हे एकाच दमात. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा.

मी चप्पल काढली आणि समोर येईल त्याला हाणत सुटले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. सरांच्या पाठीत दोन बसल्या तेव्हा त्यांनी वायर सोडली. एजंट खोकत खोकत फिरला आणि सरांच्या चालू रांगेवर धावून गेला. त्याने टेबलालाच खांदा दिला.

“अवो नका ओ,” ताई ओरडल्या. “ही तरी चालू हायती, ही तरी ऱ्हाऊ द्या!”

त्या टेबलाला बिलगल्या. सगळी रांग एका बोर्डावर जोडलेली होती, तो बोर्ड भिंतीतून निघाला, ठिणगी उडाली, वीज गेली. टेबल कललं. पहिला मॉनिटर घसरायला लागला तो ताईंनी धरला. दुसराही त्याच्या मागे आला, तोही त्यांनी धरायला बघितला, आणि दोन्ही त्यांच्या उजव्या हातासकट खाली गेले. काच फुटायच्या आधी एक छोटा आवाज आला. तो हाडाचा होता हे मला लगेच कळलं. ताई बेंबीच्या देठापासून किंचाळल्या, आणि तेव्हा कुठे सगळे थांबले.

अध्यक्ष हार आणि नारळ घेऊन दारात उभे होते. त्यांनी खोलीवरून नजर फिरवली.

“आमची पोरं जिममदे निदान घाम तरी गाळतील,” ते म्हणाले. त्यांनी दाराच्या कडीला लटकलेलं कुलूप किल्लीसकट काढून घेतलं. मी त्यांच्याशी भांडायला पुढे झाले आणि मग स्वतःकडे बघितलं. पायात एक चप्पल, एक हातात.

ताईंना मी आणि त्यांच्या लेकीने ऐरोलीला दवाखान्यात नेलं. तीन बोटं चेचली होती. डॉक्टर म्हणाले वाचतील, पण पहिल्यासारखी वळणार नाहीत. पॅकिंगचं काम बोटांचंच.

दरम्यान सर आणि एजंट पोलीस चौकीत होते. तिथून ग्रुपमधल्या एकाचा मेसेज आला, तो मी ताईंच्या खाटेशेजारी बसून वाचला. हवालदाराच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर कुठली सिस्टिम आहे हे दोघांनी वाकून बघितलं होतं, आणि ती भिकार आहे यावर दोघांचं एकमत झालं होतं. तक्रार मागे घेऊन दोघं बाहेर चहा पीत होते. मेसेजच्या शेवटी हसरा चेहरा होता. माझ्या हातात तेव्हा मोबाइलच्या जागी खुर्चीचा तो पाय असता तर मी चौकीत जाऊन दोघांची टाळकी फोडली असती. अजूनही आठवलं की हात शिवशिवतात.

“म्याडम,” ताई म्हणाल्या, “त्यांचं भांडान नेमकं कशावरनं व्हतं?”

मी सांगायला लागले. एकाची रोज नवी होते, दुसऱ्याची दोन वर्षांनी. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या, मध्ये मान हलवत होत्या. माझा आवाज मलाच ऐकवेना.

“आन् पोरींची प्रॅक्टिस कंच्यावर झाली आस्ती?”

“दोन्हीवर.”

“दोन्हीवर सारखीच?”

“सारखीच, ताई. पोरींना फरक कळलासुद्धा नसता.”

ताईंनी डोळे मिटले. मग लेकीला म्हणाल्या, “म्याडमना रिक्षापातूर सोडून ये.” मी नको म्हणत होते, पण ती उठली. जिन्यावरून खाली येताना ती माझ्या पुढे दोन पायऱ्या चालत होती. मला वाटलं आता ही मला शिव्या देणार, आणि द्याव्यात असंही वाटलं. मी रिक्षात बसले तेव्हा ती दांडी धरून उभी राहिली.

“म्याडम,” ती म्हणाली, “तो माऊस नीट धरायचा कसा आसतो? दोन बोटांनी का सगळ्या हातानं?”

इतके रविवार आम्ही तिच्यासाठी मिळवलेल्या खोलीत बसलो होतो. मी सरकून जागा केली, तिला शेजारी बसवलं, तिचा हात सीटवर पालथा ठेवला आणि त्यावर माझा हात ठेवून दाखवायला लागले. रिक्षावाला मीटर टाकून थांबला होता.