दुपारी एकची पाठवणी

देवगडला बागायतदारांच्या एका संस्थेत मी कॉम्प्युटर सांभाळायचो. आंब्याच्या पेटीवर संस्थेचं स्टिकर लागायचं, आणि त्यासाठी बागेची नोंद मुंबईच्या सर्व्हरवर असावी लागायची. आमच्याकडच्या नव्या नोंदी रोज आपोआप तिकडे जाव्यात, अशी व्यवस्था पुण्याच्या एका सल्लागाराने लावून दिली. वेळ ठेवली दुपारी एकची. जेवणाच्या सुट्टीत कोणी काम करत नाही, यंत्र मोकळं असतं, असं त्याचं शास्त्र. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि त्याला सुरमईचं ताट वाढलं.

आमचे साहेब विजेच्या बाबतीत कडक. एक वाजला की शिपाईकाका मेन स्विच खाली ओढत. आमचा सर्व्हर बॅटरीवर चालू राही, इंटरनेट मात्र बंद पडे. म्हणजे नोंदी निघायच्या वेळेलाच रस्ता बंद. तरी पडद्यावर रोज हिरवी खूण उमटायची, कारण काम वेळेवर सुरू झालं एवढंच ती सांगायची. पोचलं का, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. ती खूण बघून मी दर आठवड्याला ‘सर्व सुरळीत’ असा अहवाल लिहीत होतो आणि साहेब तो न वाचता सही करत होते.

ऐन हंगामात, यंदाच बागेची नोंद केलेल्या एक बागायतदार काकी आल्या. आंबे उतरवून झाले होते, पण स्टिकर मिळेना. मुंबईवाले म्हणत होते, अशी बागच नाही. साहेबांनी त्यांना नव्याने अर्ज करायला सांगितलं, सोबत बाग अस्तित्वात असल्याचा दाखला. काकी माझ्या टेबलापाशी आल्या.

“झिला, कलमां माझ्या दारात उभी आसत. तुमच्या मशिनीक दिसनत नाय, तर आंब्यांका काय सांगू, पिकू नकात म्हणान?”

मी पहिल्यांदाच हिरव्या खुणेच्या आत शिरून पाहिलं. तीन महिन्यांत एकही नोंद गेली नव्हती.

शिपाईकाकांना स्विच चालू ठेवा म्हटलं, तर त्यांनी लेखी हुकूम मागितला. साहेब म्हणाले, हुकूम समितीचा आहे, समितीची बैठक हंगामानंतर. पाठवणीची वेळ बदलायची तर पुण्याची परवानगी हवी, आणि पुणं फोन उचलत नव्हतं.

मी कोणालाही न विचारता एकच्या जागी अकरा लिहिलं. दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी साचलेल्या सगळ्या नोंदी मुंबईला पोचल्या आणि काकींना स्टिकरं मिळाली. तोवर बरेच आंबे पिकले होते. ते त्यांनी रस्त्याकडेला बसून विकले.

पुढच्या सोमवारी मला मेमो आला : परवानगीशिवाय वेळ का बदलली? मी खुलासा लिहिला, त्यात स्वतःचे जुने अहवालही जोडले. साहेबांनी तोही न वाचता सही केली.