फ्रेममध्ये अडकलेला फोन नंबर

सुटलो बाई एकदाचे त्या फ्रेमांतून! ह्यांना वाईट वाटेल, पण वाटू दे.

माझ्या नणंदबाईंनी पुण्याजवळ मांजरी गावात उसाच्या रोपांची रोपवाटिका काढली. जमीन त्यांच्या सासरची, त्यांच्या दिराबरोबर सामाईक. दिराचं म्हणणं, आजूबाजूला इमारती उठल्यात, आपणही बिल्डरला देऊन मोकळं होऊ. वन्संनी शब्द देऊन टाकला, "ही पहिली खेप खपली न्हाई, तर मी सही करते." आणि रोपं काही ट्रेमध्ये थांबत नाहीत. मुळं गुंडाळायला लागली की शेतकरी त्यांना हात लावत नाही.

वेबसाइट आमच्या ह्यांनी केली. निवृत्तीनंतरचा उद्योग. कधीकाळी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकलेल्या फ्रेमा डोक्यात घट्ट बसलेल्या. पडद्याचे तीन भाग केले. वरच्या पट्टीत नाव, पत्ता, फोन, डावीकडे यादी, आणि उजवीकडे काय ती पानं बदलत राहणार. "नंबर एकदाच लिहायचा, तो कायम डोळ्यांसमोर. माणूस हरवायचा प्रश्नच नाही," असं हे म्हणाले. मला पटलं होतं, खोटं कशाला बोलू! नारायण पेठेतल्या आमच्या शेजारच्या आयटीवाल्याने सांगून पाहिलं, "काका, फ्रेम्स आता कोणी यूज करत नाही." त्याला उत्तर मिळालं, "धोतरही कोणी नेसत नाही. म्हणून ते गळून पडतं का?" तो बिचारा परत आला नाही.

रोपं तयार झाली, पण फोन वाजेना. वन्सं रोज मला म्हणायच्या, "वहिनी, लोकं साइट बघत्यात म्हनं, मग बोलत का न्हाईत?"

एका रविवारी आम्ही रोपवाटिकेतच होतो. दौंडकडचे एक शेतकरी पिकअप घेऊन दारात उभे राहिले आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. "हे पान तुमचंच हाय का? ना नाव, ना गाव, ना फोन. नुसता रोपांचा फोटो न् जाती. सकाळधरनं नर्सऱ्या हिंडतोय."

ह्यांनी मोबाइल हातात घेतला. उजवीकडचं पान एकटंच उघडलं होतं. इंटरनेटवर शोधल्यावर थेट तेच सापडलं, नंबराची वरची पट्टी सोबत आलीच नाही.

"पण यांनी मुख्य पानावरून यायला हवं होतं," हे पुटपुटले.

"हो ना," मी म्हटलं, "आधी वेशीवर वर्दी द्यायची, मगच रोपं मागायची. चूक त्यांचीच!"

शेतकरी हसले, हे नाही हसले. दौंडकरांची रोपं भरून गेली आणि घरी येताच हे कॉम्प्युटरपुढे बसले. फ्रेमा काढल्या. प्रत्येक पानाच्या डोक्यावर नाव, गाव, नंबर लिहिला. चहा विचारला तर नको म्हणाले. मला फार दया आली त्यांची. हौसेने बांधलेलं स्वतःच्या हाताने पाडायचं म्हणजे काय असतं!

दोन-चार दिवसांत फोन वाजायला लागला. आधी चुकूनमाकून, मग असा, की वन्संना जेवायला उसंत मिळेना. टेम्पो लागले. हायसं वाटलं हो, काय सांगू!

शेवटचे ट्रे टेम्पोत भरत होतो, तेव्हा त्यांचा दीर आला. सहीचं विचारायलाच आला होता, चेहऱ्यावर दिसत होतं. तेवढ्यात फोन वाजला. वन्संचे हात चिखलाने भरलेले. "भावजी, उचला जरा," त्या म्हणाल्या.

त्याने नाइलाजाने उचलला. "हां, रोपवाटिकाच. न्हाई, सपली रोपं." मग समोरचा बराच वेळ रोपांसाठी विनवत राहिला, आणि दीर रिकाम्या शेडकडे बघत राहिला. "बरं, फुडल्या खेपेला तुमचं नाव पयलं," म्हणाला आणि फोन ठेवला.

वन्संकडे न बघताच तो बोलला, "वहिनी, पलीकडच्या तुकड्यावर बी शेड टाकू या."

वन्सं चिखलाच्या हातांनी तोंड झाकून रडल्या.