बावखलावर आम्ही सहा जणी

मी दिवाळी अंकांसाठी गुन्ह्यांच्या कथा लिहिते. खऱ्या, घडलेल्या. पाहुण्यांशी ओळख करून देताना माझा नवरा अजूनही "ही जरा लेखन करते" एवढंच पुटपुटतो, जसा काही एखादा खून मीच पाडून आलेय. पुटपुटू दे. गेली वीस वर्षं मी हे काम नेटाने करते आहे आणि त्यात माझे दोन नियम आहेत. पहिला, आरोपींची संख्या चुकवायची नाही. "काही जणांनी", "एका टोळक्याने" असलं मोघम मला चालत नाही. चार म्हणजे चार. दुसरा, ज्याच्या बाबतीत ते घडलं त्याला किंवा त्याच्या घरच्यांना मजकूर आधी वाचायला द्यायचा, आणि ते नको म्हणाले तर फाडून टाकायचा. या दुसऱ्या नियमापायी संपादक कपाळावर हात मारून घेतात.

यंदा त्यांनी विषय दिला, शाळकरी मुलांची टोळकी. वर्गातल्याच एखाद्याला घेरायचं, मारायचं, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढायचा आणि तो गावभर फिरवायचा. मी कात्रणं काढून बसले. वाचता वाचता तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्याच पानावर मी "हल्लीची पोरं" असं तीनदा लिहिलं. चौथ्यांदा लिहिताना हात अडखळला. हल्लीची कसली डोंबलाची! आमच्या वेळी मोबाइल नव्हते, एवढाच काय तो फरक.

मी तेव्हा नववीत होते. आम्ही साताऱ्याकडचे, वडिलांच्या नोकरीमुळे वसईला आलेलो. वर्गात जवळच्या गिरीज गावची एक मुलगी होती. तिच्या घराभोवती केळीची वाडी, मागे माड आणि माडांच्या पलीकडे बावखल. वाडीला पाणी पुरवणारं गोड्या पाण्याचं ते तळं. वसईत तेव्हा जवळपास प्रत्येक वाडीत एक असायचंच. तर त्या मुलीने बाईंना सांगितलं, की चाचणीत आमच्यातल्या एकीने कॉपी केली. ते अगदी खरं होतं. पण चुगली ती चुगली, असं आमच्या गटात ठरलं. एक दिवस शाळा सुटल्यावर आम्ही तिच्या मागोमाग तिच्याच वाडीत शिरलो. तिचं दप्तर आणि पायातल्या चपला काढून घेतल्या आणि तिला बावखलात ढकलून दिलं. पाणी तिच्या गळ्याशी येत होतं. ती काठाला आली की कुणीतरी सुकलेल्या झावळीने तिला पुन्हा मागे लोटायचं. आणि आम्ही हसत होतो. हो, हसत होतो. पाण्याचा पंप धडधडत होता, त्यामुळे घरात काही ऐकू जात नव्हतं. पंप बंद झाला तशा सगळ्या पळाल्या. मी तेवढी थांबले, तिला हात देऊन वर काढलं आणि घरापर्यंत सोबत गेले. खोटं कशाला बोलू, या गोष्टीचा मला थोडा अभिमानही होता.

लेखाची सुरुवात मी याच प्रसंगाने केली. स्वतःला "प्रत्यक्षदर्शी" म्हटलं आणि लिहिलं, पाच मुलींनी तिला पाण्यात ढकललं. मी तिला बोटही लावलं नव्हतं. तिचं दप्तर आणि चपला धरून मी काठावर उभी होते. पस्तीस वर्षं माझ्या डोक्यात हिशेब असाच पक्का बसला होता, त्या पाच जणी आणि बाजूला मी.

आता नियमाप्रमाणे मजकूर तिला दाखवणं आलं. दहावीनंतर आमचा काही संबंध राहिला नव्हता. बाजारात एक-दोनदा दिसली होती, तेव्हा मीच भाजीत डोकं घातलं होतं. ती आता शाळेत शिकवते आणि आईसोबत त्याच घरात राहते, एवढं कानावर होतं. फोन नंबर मिळवला. ती म्हणाली, "शनिवारी दुपारी ये, शाळा अर्धा दिवस असते." आवाजात ना राग ना आनंद. ती नको म्हणाली तर लेख जाणार होता, आणि हो म्हणाली तर काय, ते मला कळत नव्हतं.

दार तिच्या आईने उघडलं. ऐंशीच्या पुढची, काटक, लुगडं नेसलेली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकदम माझे दोन्ही गाल धरले. "अगं बाय! तूच ना ती? माझ्या पोरीला पाण्यातून काढून घरी आणणारी?" ती त्यांच्या गावबोलीत बोलत होती, मी आपल्या मराठीत लिहितेय. अंगठ्याने तिने माझ्या कपाळावर क्रूस काढला. "किती घाबरली होतीस गं त्या दिवशी. भात वाढला तर घास गिळवेना तुला. रोझरीच्या प्रार्थनेला बसले की तुझ्यासाठी अजून मागते मी."

मी माझ्या वर्गमैत्रिणीकडे पाहिलं. ती शांतपणे चष्मा पुसत होती.

मावशी बोलतच राहिली. पोर पाय घसरून पाण्यात पडली म्हणून तिच्या वडिलांनी त्याच उन्हाळ्यात माती आणून बावखल बुजवलं. भाऊबंद म्हणत होते, नको बुजवूस, वाडी सुकेल. पण पोरीपुढे त्यांनी कुणाचंच ऐकलं नाही. आता बोअरला मचूळ पाणी येतं आणि मागचे माड गेले ते गेलेच. "हट्टी होता माणूस," मावशी म्हणाली, "पण पोरीवर जीव भारी." आणि चहा टाकायला आत गेली.

पाय घसरून? मी काही विचारण्याआधीच मैत्रिणीने कागद मागितले आणि पर्समधून लाल पेन काढलं. वह्या तपासाव्यात तशी ती वाचत होती. "मुसमुसून रडत होती" हे तिने खोडलं. "रडत नव्हते मी. नाकातोंडात पाणी जात असताना कुणी रडतं का? काहीही लिहितेस." मग पेन आणखी खाली गेलं. "पाच" या शब्दावर तिने आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, सहा.

"अगं, पण मी तर नुसती..." मी हळूच म्हणाले.

"नुसती चपला धरून होतीस. माहीत आहे मला." ती कागदावरून नजर न उचलता बोलत होती. "त्या पाच जणींकडे मी बघतच नव्हते. त्या काय करणार ते मला ठाऊक होतं. मी तुझ्याकडे बघत होते. पन्नास पावलांवर आई तांदूळ निवडत बसली होती. मला वाटत होतं, ही आता जाईल आणि आईला बोलावून आणेल. प्रत्येक वेळी वर आले की वाटायचं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आरोपी मोजण्यात माझी आजवर कधी चूक झाली नव्हती, आणि इथे मी स्वतःलाच मोजायची विसरले होते.

"फाडू का?" मी विचारलं. खरं सांगते, मनातून मला फाडायचंच होतं. माझा नियमच मला सोडवेल अशी आशा होती.

"फाडू नकोस. छाप. पण आई हाताला लागेल ते वाचते, तुझा अंकही वाचेल. त्याआधी तू तिला सांग. मला नाही जमलं इतकी वर्षं."

मावशी ट्रे घेऊन आली. चहा होता आणि बशीत घरची सुकेळी, वसईत केळी उन्हात सुकवून करतात ती. बशी तिने माझ्यासमोर सरकवली. मी हात लावला नाही. म्हटलं, "मावशी, ती घसरली नव्हती. आम्ही ढकललं होतं तिला. आम्ही सहा जणी होतो, सहावी मी." मग पंप, झावळी, हसणं, सगळं सांगितलं. मध्येच थांबले असते तर पुन्हा तोंड उघडलं नसतं.

मावशी सावकाश खाली बसली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. लेकीला म्हणाली, "तू मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगणार होते, आई? मी कपडे बदलून आले तर तू हिच्या डोक्यावरून हात फिरवत होतीस. हिला जेवायला वाढत होतीस. ही गेल्यावर पाय घसरला म्हणून सांगितलं."

मावशीने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाय, आज तू जा. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ये. मला आज बोलता येत नाही."

मी संपादकांना फोन करून लेख थांबवायला सांगितला. ते चिडले, मीही चिडले. रविवारपर्यंत मला धड झोप नव्हती. नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जायलाच हवंय का?" मी म्हटलं, "हवंय."

रविवारी मावशी ओटीवर वाट बघत होती. आत बस असंही म्हणाली नाही. मी पायरीवर उभी, आणि तिने सुरुवात केली. माझ्या पोरीने तुमचं काय वाकडं केलं होतं? खरं बोलली म्हणून? तुझी जीभ झडली होती का तेव्हा? माझ्या ताटातला भात खाताना लाज वाटली नाही तुला? शेजारपाजारचे कुंपणाशी येऊन उभे राहिले, तरी तिचा आवाज खाली येईना. माझी सख्खी आईसुद्धा मला कधी एवढं बोलली नसेल. मी मान खाली घालून ऐकत राहिले.

मान वर केली तेव्हा मैत्रीण दारात उभी दिसली. चौकटीला धरून, पन्नाशीची ती बाई हमसून हमसून रडत होती. तिच्या बाजूने कुणीतरी भांडत होतं, आणि ते ती पहिल्यांदाच ऐकत होती.