सासूबाईंना उरलेले शब्द

सासूबाईंना लकवा झाला तेव्हा मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होते. रविवारची सकाळ होती. चर्चमध्ये मिस्साला जायचं म्हणून त्या केव्हाच तयार होऊन खुर्चीत बसल्या होत्या आणि चप्पल घालत होत्या. चप्पल पायात जाईना. मी म्हटलं, "आई, मी घालते, थांबा." त्यांनी मान वर केली आणि तोंडातून जो आवाज काढला तो कुठल्याच भाषेतला नव्हता. ओठ एका बाजूला कलले होते. मी तेव्हा पंचवीस वर्षं सरकारी नर्स होते, मला काही विचारावं लागलं नाही. तवा उतरवला, गॅस बंद केला आणि नवऱ्याला गाडी बघायला पिटाळलं.

आमचं गाव रेवदंड्याच्या पुलापलीकडे, मुरुडच्या रस्त्याला. रविवारी त्या रस्त्यावर काशीदला जाणाऱ्या मुंबईच्या गाड्यांची रांग असते, पण त्या सगळ्या आमच्या उलट दिशेने येत होत्या. अलिबागला आम्ही तासाभरात पोचलो. जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचा गेली.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. माझं माहेर वसईकडचं. लग्न करून या गावात आले तेव्हा इथल्या ख्रिस्ती घरांमधली बोली मला अजिबात कळत नव्हती. पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली ती बोली, पोर्तुगीज गेले तरी इथे राहिली. बाहेरच्याशी मराठी, घरात ती. सासूबाई माझ्याशी मराठीत बोलत, शेजारणींशी आणि माझ्या नवऱ्याशी बोलीत. मला कुणी शिकवली नाही. पण एका घरात राहायचं, रोज कानावर पडायचं, म्हटल्यावर दोन वर्षांत मला सगळं कळू लागलं. बोलायला मात्र मी लाजायचे, त्यामुळे मला कळतं हे कुणाला ठाऊक नव्हतं.

माझी पहिली मुलगी सातव्या महिन्यात जन्मली. त्या आठवड्यात पोलिओचे डोस द्यायला मी वाड्यावाड्यांवर पायी फिरत होते. ऊन होतं. सासूबाईंनी आदल्या दिवशी म्हटलं होतं, "रजा टाक, पोट खाली उतरलंय तुझं." मी म्हटलं, दोनच दिवस राहिलेत. मुलगी दोन दिवस जगली. तिला पुरून आल्यावर बायका आमच्या पडवीत बसल्या होत्या आणि मी आतल्या खोलीत पडले होते. सासूबाई त्यांना बोलीत म्हणाल्या, "हिनं लोकांची पोरं जगवली आणि आपली मारली."

मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. हे वाक्य मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. पुढे मुलगा झाला, तो मोठा झाला, पुण्याला नोकरीला लागला. सासूबाईंशी माझं कधी भांडण झालं नाही. त्यांची औषधं मी वेळेवर देत असे, सणाला त्यांच्या पसंतीची साडी घेत असे. शेजारणी म्हणत, सून चांगली मिळाली हो तुम्हाला. मी त्यांच्याशी कामापुरतं बोलत होते, एवढंच. त्यांच्या ते लक्षात आलं असेलही. त्यांनी कधी विचारलं नाही.

घरात रोज संध्याकाळी सात वाजता रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना, होई. तो सासूबाईंचा नियम होता. पाहुणे असोत, ताप असो, माळ चुकली नाही. मी त्यांच्या मागे पाटावर बसत असे आणि ओठ हलवत असे. दर मण्याला म्हणायच्या नमो मारियात मला अडचण नव्हती. पण दर दहा मण्यांच्या, म्हणजे प्रत्येक दशकाच्या, सुरुवातीला 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणावी लागते, आणि तिच्यात एक ओळ आहे: जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो. त्या ओळीला मी गप्प राहत असे. ठरवून नव्हे. पहिल्यांदा झालं, मग रोजच होऊ लागलं. दिवसाला पाच वेळा. शेजारणीही येऊन बसत; चारपाच जणींच्या आवाजात एकीचा आवाज थांबला तर कळत नाही.

अलिबागच्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं, "शब्द येणार नाहीत लवकर. पण तोंडपाठ असलेलं कधी कधी येतं. गाणं, आकडे, पाढे. रोज म्हणून घेत चला."

सासूबाई शाळेत गेल्या नव्हत्या. पाढे येत नव्हते, गाणी त्या कधी म्हणत नसत. आठवडाभर मी एक दोन तीन म्हणून पाहिलं. त्या माझ्या तोंडाकडे बघत आणि डोळ्यांतून पाणी काढत. आठव्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "माळ म्हणून बघितलीस का?" तो खताच्या कारखान्यात फिटर होता, संध्याकाळी बहुतेक पाळीवर असे, नाहीतर मित्रांकडे. माळेला तो कधी बसत नसे. पण हे त्याला सुचलं आणि मला सुचलं नाही, याची मला लाज वाटली.

त्या संध्याकाळी मी खाट खिडकीपाशी ओढली, त्यांच्या डाव्या हातात माळ दिली आणि सुरुवात केली. पहिली नमो मारिया मी एकटीनेच म्हटली. दुसऱ्या वेळी अर्ध्यावर त्यांचे ओठ हलले आणि 'आम्हा पाप्यांसाठी विनंती कर' हे शब्द बाहेर आले. जड, बोबडे, पण शब्द. आम्ही दोघी थबकलो. मग त्यांनीच डाव्या हाताने मला खूण केली, पुढे म्हण.

तेव्हापासून रोज सात वाजता आम्ही दोघीच बसू लागलो. माझ्या दृष्टीने तो व्यायाम होता. सकाळी मी त्यांच्या हाताला तेल लावून बोटं उघडत मिटत असे, तसाच हा जिभेचा. त्यांना प्रार्थना येत होती, पण एकटीने नाही. माझा आवाज पुढे लागे, त्या त्याला धरून चालत. मी थांबले की त्या थांबत.

म्हणून पहिल्याच दिवशी ती ओळ आली तिथे मी सवयीने गप्प झाले आणि त्याही गप्प झाल्या. पुढचा शब्द त्यांना सापडेना. त्या घाबऱ्या होऊन माझ्याकडे बघू लागल्या. मी ओळ मोठ्याने म्हटली. नर्स म्हणून म्हटली, पेशंट अडकू नये म्हणून. दुसऱ्या दशकाला पुन्हा म्हटली. पाच वेळा म्हणून झाल्यावर माळ ठेवली आणि त्यांच्यासाठी पेज गरम करायला उठले. मला रागच आला. त्यांचा नाही, देवाचा. इतकी वर्षं मी जी ओळ गिळली ती त्याने माझ्याकडून अशी वदवून घ्यावी, हे मला पटलं नाही.

तरी दुसऱ्या दिवशी बसले. ड्यूटीवरून यायला उशीर झाला तर त्या दाराकडे बघत असत. दिवसभरात हीच वीस मिनिटं त्यांना बोलता येत होतं. ती त्यांच्याकडून काढून घेण्याइतका माझा राग मोठा नव्हता. दोन तीन महिन्यांत ती ओळ म्हणताना राग यायचा थांबला. खरं म्हणजे ओळ कधी येऊन गेली तेही काही दिवशी कळत नसे. मला काही दिसलं नाही, कानात कुणी काही बोललं नाही. फक्त एके दिवशी त्यांचे केस विंचरताना लक्षात आलं, की मी त्यांच्याशी बडबडते आहे. बोर्लीच्या बाजारात भेटलेली कुणी बाई, तिच्या सुनेचं बाळंतपण, सुकटीचा भाव. त्या ऐकत होत्या आणि डाव्या बाजूने हसत होत्या.

मग पावसाळ्यानंतरची एक संध्याकाळ. माळ पूर्ण झाली, मी उठू लागले तर त्यांनी माझा पदर धरला आणि माळेचा मणी दाखवला. अजून एक. मला आठवलं, पूर्वीही सगळे उठल्यावर त्या मणी हातात धरून एक नमो मारिया मनात म्हणत. मी समजत होते, वारलेल्या सासऱ्यांसाठी.

"बाबांसाठी का?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

"नातवासाठी?"

नाही. त्यांनी डावा हात छातीशी वाकडा केला आणि हळूहळू झुलवला. तान्हं मूल झुलवतात तसा. मग माझ्याकडे बोट केलं.

मी खाटेवर बसले. इतकी वर्षं रोज त्या माझ्या मुलीसाठी प्रार्थना करत होत्या आणि मी मागे पाटावर बसून त्यांच्या पाठीकडे बघत होते.

त्यांना काहीतरी सांगायचं होतं. तोंड उघडत होतं, मिटत होतं, आवाज येई पण शब्द होत नव्हता. कपाळाला घाम आला. मी म्हटलं, "राहू दे आई, त्रास नका करून घेऊ." पण त्या थांबेनात. शेवटी त्यांनी डाव्या हाताची मूठ केली, छातीवर आपटली आणि मिस्साच्या सुरुवातीला आपण म्हणतो ते शब्द आले. "माझा अपराध." पुन्हा मूठ आपटली. "माझा अपराध." स्वतःचे शब्द त्यांना नव्हते. प्रार्थनेतले होते, तेवढे त्यांनी वापरले.

मी त्यांचा हात धरला, कारण त्या जोरात मारून घेत होत्या. मग मी बोलले. त्यांच्याशी पहिल्यांदाच त्यांच्या बोलीत बोलले, तोडक्यामोडक्या. म्हटलं, "आई, त्या दिवशी तुम्ही पडवीत काय बोललात ते मला कळलं होतं."

त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. होय. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. कधीपासून ते मला विचारता आलं नाही, त्यांना सांगता आलं नसतं.

"मलाही तेच वाटत होतं," मी म्हटलं. "मी रजा टाकली असती तर ती जगली असती."

हे मी कधी स्वतःशीही उच्चारलं नव्हतं. त्यांच्या त्या वाक्याचा इतका राग आला होता तो यासाठी, की मला ते खरं वाटत होतं. सासूबाईंनी डोळे उघडले आणि मान जोरजोराने हलवली. नाही, नाही. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात हलका नव्हता, त्याच्यावर त्यांचा ताबा कमी होता. बराच वेळ ठेवला. मी रडले, तेही फार नाही. मग आम्ही ती राहिलेली नमो मारिया म्हटली. या वेळी मोठ्याने.

त्या रविवारी मी कितीतरी वर्षांनी पापनिवेदनाला गेले. फादर तरुण होते, माझ्या मुलाच्या वयाचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलीबद्दल देवाने तुम्हाला दोष दिलाय असं वाटतं?"

मी म्हटलं, "वाटत होतं."

"आणि आता?"

"आता सासूबाई रोज सात वाजता वाट बघतात," मी म्हटलं. त्यांना ते उत्तर कळलं की नाही, माहीत नाही. मला त्यापेक्षा नेमकं सांगता आलं नाही. अजूनही येत नाही. देव दयाळू आहे हे मी लहानपणापासून पाठ केलं होतं. ते खरं असावं, असं त्या खाटेवर बसल्यावर पहिल्यांदा वाटलं.

सासूबाई त्यानंतर दीड वर्ष होत्या. 'पाणी', 'बस', 'आलीस?' एवढे तीन शब्द त्यांना परत मिळाले. 'आलीस?' हा मी ड्यूटीवरून आले की. एका दुपारी जेवल्यावर झोपल्या आणि झोपेतच गेल्या. गावच्या दफनभूमीत जागा कमी, जुन्या कबरी पुन्हा वापरतात, त्यामुळे माझ्या मुलीची जागा नेमकी कुठे ते आता कुणालाच सांगता येत नाही. सासूबाईंना पुरताना मी नवऱ्याला पडवीतल्या त्या दिवसाचं सांगितलं. घरी परतताना तो रस्त्याच्या कडेला थांबला, रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाला, "एवढी वर्षं एकटी घेऊन बसलीस. मला सांगायचं न्हाय?"

"सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

आता तो निवृत्त झाला आहे. संध्याकाळी माझ्याबरोबर बसतो. गुडघे दुखतात म्हणून खुर्चीत बसतो आणि मध्येच पेंगतो. माळेबरोबर कुठल्या दिवशी येशूच्या आयुष्यातली कुठली रहस्यं म्हणायची हे त्याच्या लक्षात राहत नाही. परवा गुरुवार असताना त्याने शुक्रवारची दुःखाची रहस्यं सुरू केली. मी टोकलं.

"देवाला काय फरक पडतो?" तो म्हणाला.

"त्याला नाही पडत. मला पडतो. पहिल्यापासून म्हणा."

तो कुरकुरला, चष्मा पुसला आणि पहिल्यापासून म्हणू लागला.